मिक्सरला कॅनन, अँप्लिफायरला आरसीए: तीन नंबरच्या पिनचं काय करायचं?

प्रश्न (ता. जिंतूर, जि. परभणी): हरिनाम सप्ताहासाठी घेतलेल्या मिक्सरला कॅननचे (तीन पिनांचे, एक्सएलआर) आउटपुट आहेत, देवळातल्या जुन्या अँप्लिफायरला फक्त आरसीए (मध्ये टोक आणि भोवती कडा असलेलं साधं ऑडिओ सॉकेट). अंतर 15 मीटर. कॅननची तीन नंबरची पिन कुणी एक नंबरच्या पिनला जोडायला सांगतं, कुणी मोकळी ठेवायला. शिवाय घरघर येते. अँप्लिफायरच्या प्लगची अर्थिंग पिन काढली की थांबते. काय करावं?

उत्तर: आधी ती अर्थिंग पिन परत बसवा. मिक्सर आणि अँप्लिफायर एकदा वायरच्या जाळीतून (तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून) आणि एकदा अर्थिंगमधून जोडले जातात, त्या फेऱ्यात 50 हर्ट्झचा प्रवाह फिरतो, तीच घरघर. पिन काढल्यावर फेरा तुटतो खरा, पण उद्या अँप्लिफायरच्या बॉडीत करंट उतरला तर तो जाळीतून थेट बुवांच्या माइकपर्यंत जाऊ शकतो. मिक्सरला वीज अँप्लिफायरच्याच बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढून द्या. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. सप्ताहाआधी त्यात भरपूर पाणी सोडा.

आता पिना. एक म्हणजे जाळी, दोन सरळ सिग्नल, तीन उलटा. तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले बरोबर असू शकतात, कारण उत्तर मिक्सरच्या आउटपुट सर्किटवर ठरतं. आत ट्रान्सफॉर्मर असेल तर तीन एकला जोडावीच लागते, नाहीतर सर्किट पूर्ण होत नाही आणि आवाज बारीक, पातळ येतो. दोन आणि तीनला वेगवेगळे आयसी (चिप) चालवत असतील तर तीन मोकळी ठेवा. जोडली तर तो आयसी शॉर्टवर काम करत राहतो, तापतो, आवाज फाटू शकतो. काही मिक्सरांत तीनवर सिग्नलच नसतो, नुसता रेझिस्टर असतो. तिथे काहीही केलं तरी चालतं. मॅन्युअल हाताशी नसेल तर मोकळी ठेवूनच सुरुवात करा.

पण 15 मीटरवर हा वादच टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. आरसीएची वायर एवढी लांब नको. अँप्लिफायरपर्यंत कॅननचीच दोन तारा-जाळीची केबल न्या आणि तिथे 1:1 चा, 10 के:10 के (दोन्ही बाजूंना 10 हजार ओहमचा) लाइन ट्रान्सफॉर्मर लावा. प्रायमरी दोन आणि तीनवर, सेकंडरी आरसीएच्या मधल्या टोकाला आणि कडेला. आरसीएची वायर मीटरभराच्या आत. केबलची जाळी मिक्सरच्या बाजूलाच जोडा. ती आरसीएच्या कडेला डागलीत तर फेरा पुन्हा जुळेल, घरघर परत येईल. माइकचा ट्रान्सफॉर्मर इथे चालत नाही, तो लाइनच्या जोरदार सिग्नलवर भरून जातो.

मिक्सरची प्रमाण पातळी बहुधा 1.23 व्होल्ट असते, आरसीएची साधारण 0.316, म्हणजे जवळजवळ 12 डेसिबलचा फरक. म्हणून अँप्लिफायरचा नॉब शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा.

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): मिक्सरच्या बॅलन्स्ड (सरळ आणि उलटा असे दोन्ही सिग्नल देणाऱ्या) पी-38 (6.35 मिमी जॅकच्या) आउटपुटमधून तयार स्टिरिओ केबलने कॅमेऱ्यात कीर्तन रेकॉर्ड केलं. हेडफोनवर ऐकू येतं, मोबाइलच्या स्पीकरवर आवाज गायब.

उत्तर: स्टिरिओ केबलमुळे सरळ सिग्नल डाव्या चॅनलला आणि उलटा उजव्याला गेला. एकाच स्पीकरवर दोन्ही मिसळले की एकमेकांना खोडून काढतात. केलेलं रेकॉर्डिंग वाया गेलेलं नाही: एडिटिंगमध्ये उजवा चॅनल काढून टाका, डावाच दोन्हीकडे घ्या. पुढच्या वेळी पी-38 च्या टोकाची तार 3.5 मिमी जॅकच्या टोकाला आणि रिंगला (मधल्या कड्याला) दोन्हीकडे डागा, जाळी कडेला, पी-38 ची रिंग मोकळी. कॅमेऱ्याला फक्त माइक इनपुट असेल तर सिग्नलच्या तारेत 10 के आणि त्यानंतर तार-जाळीमध्ये 100 ओहमचा रेझिस्टर टाका. व्होल्टेज साधारण शंभरावा भाग उरतो.