कायदा सल्ला : सनद, नोकरी आणि बार परीक्षा

प्रश्न : खासगी कंपनीत पूर्णवेळ नोकरी करते. तीन वर्षांचा एलएलबी संपत आला आहे. नोकरी न सोडता सनद (वकिलीचा परवाना) काढून ठेवता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. अनेक जण नोकरीचा उल्लेखच टाळून अर्ज करतात. हा धोका पत्करू नका. महत्त्वाची माहिती लपवून मिळवलेली सनद अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २६ खाली रद्द होऊ शकते. आधी राजीनामा, मग अर्ज, हाच क्रम. सनद असताना नोकरी धरली, तर राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते.

प्रश्न : सनदेचा खर्च किती? आणि बार परीक्षा (सनदेनंतरची वकिलीची पात्रता परीक्षा) पुस्तके उघडून देता येते, मग अभ्यास कशाला?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : कायद्याने नोंदणी शुल्क ७५० रुपये (राज्य बार कौन्सिलचे ६००, बार कौन्सिल ऑफ इंडियाचे १५०), अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क वेगळे. पूर्वी राज्य बार कौन्सिल निरनिराळ्या नावांखाली हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले. त्याआधी भरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत.

आता परीक्षा. १०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. पेपर मराठीतही मिळतो. पण हिशेब करा : एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे. कलम कुठल्या प्रकरणात आहे हेच माहीत नसेल, तर अनुक्रमणिका चाळण्यातच ती जातात. शिवाय चालतो तो फक्त मूळ अधिनियम, टीपा किंवा भाष्य नसलेला. समासात पेन्सिलीने लिहिलेली प्रतही नेऊ नका. आणि वरच्या वर्गातल्यांकडून जुनी पुस्तके घेताना सावध राहा : १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत, कलमांचे क्रमांक पार बदलले आहेत.

बार परीक्षेआधी मिळणाऱ्या तात्पुरत्या सनदेवर दोन वर्षे कोर्टात उभे राहता येते. तेवढ्यात परीक्षा उत्तीर्ण झाला नाहीत, तर उत्तीर्ण होईपर्यंत वकिली थांबते. प्रयत्नांना मर्यादा नाही.

प्रश्न : एलएलबीनंतर थेट न्यायाधीशपदाची परीक्षा देता येईल?
– एक वाचक, अकोला

उत्तर : २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, बार परीक्षेच्या निकालापासून नव्हे. म्हणून पदवी मिळताच सनदेचा अर्ज टाका. अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. वकीलपत्रे, रोजनाम्यांच्या (कोर्टातील रोजच्या कामकाजाच्या नोंदींच्या) प्रती पहिल्या दिवसापासून जपा.