आबांच्या खाकीला कात्री

“मॅडम, आई आबांचे कपडे कापाय लागलीया. युनिफॉर्मसुद्धा सोडला नाही. डोक्यावर परिणाम झालाय काय, एवढंच बघा.”

उद्यमनगरात मशीनवर काम करणारा, तिशीतला मुलगा. वडील एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच गेले, त्याला चौदा महिने झालेले. नदीकाठचं गावातलं घर २०१९ च्या पुरात बुडालं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यानं दोघांना शहरात आणलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायला मायलेकांची परवानगी आहे.)

गेलेल्या माणसाच्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. भाऊबंद म्हणतात घरात ठेवू नका, बहीण म्हणते एक तरी ठेव, कुणी सांगतं नदीत सोडा. (नदीत सोडू नका, पंचगंगेचे हाल आधीच पुरे आहेत.) पण कापून काहीतरी शिवणाऱ्या बाईबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या खेपेला काकू आल्या त्या बाजाराची पिशवी घेऊनच. आपल्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. लुगड्याचं अस्तर, आत जुनेर, वरून धावदोरा. ही वाकळच होती, पण पांघरायची नव्हे. दीड हात लांब, भिंतीवर टांगायची. निळसर कापडावर चार लुगड्यांचे काठ चार बाजूंनी येऊन मिळत होते.

“कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती,” काकूंनी बोट ठेवत सांगितलं.

“आणि पंचगंगेतली पाचवी?”

त्यांनी वाकळ उलटी केली. मागच्या अंगाला, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं एक ओळ घातलेली, तिरपं धरल्याशिवाय दिसणार नाही अशी. “सरस्वती गुप्त हाय न्हवं.”

मधोमध खाकीची आडवी पट्टी होती, आणि निळं कापड त्या पट्टीच्या बरंच वर चढलेलं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोका पातळी. पुराच्या दिवसांत तो आकडा कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतो. ती रेघ काकूंनी नवऱ्याच्या पँटीची केली होती.

दुसरी वाकळ चैत्रातल्या जोतिबाची, सगळी गुलाबी. तिसरी गगनबावड्याच्या पावसाची, ती अर्धीच. “ह्यांनी त्या घाटातनं वर्षं काढली. घरी येऊन सांगायचे, धुक्यात समोर काय दिसत न्हाई. मी कधी गेलोच न्हाई.”

मी विचारायचं ते विचारलं. झोप लागते का, जेवण जातं का, घराबाहेर पडता का, आपणही जावं असं मनात येतं का. त्या मंडईत जात होत्या, भाजीवाल्याशी घासाघीस करत होत्या, खालच्या मजल्यावरच्या बाईशी पाण्यावरून भांडतही होत्या. “रडता का?” म्हटल्यावर जरा चिडल्याच. “रडतो की! शिवताना रडतो, मग उठून चहा ठेवतो.”

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते काकूंनी चहासकट सांगितलं. दुःखातला माणूस कधी गेलेल्याकडे तोंड करतो, कधी समोरच्या कामाकडे, आणि हे येणं-जाणं चालू असणं हीच तब्येतीची खूण. म्हणून मी कात्रीकडे बघत नाही, त्यातून माणूस उठतो का, ते बघते. उठत नसेल तर मात्र काळजी करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाचं निदान आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीच तीव्र ओढ, त्यातून घर-काम ठप्प, आणि हे सगळं आपल्या रीतिरिवाजात बसेल त्यापेक्षा कितीतरी जास्त, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जीव नकोसा वाटत असेल तर सहा दिवससुद्धा थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो.

काकूंना यातलं काही नव्हतं. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिकलेलं अंगात असतं. मी म्हटलं, “काकू, दुसऱ्या वर्षश्राद्धापर्यंत ही पावसाची वाकळ पुरी करा, आबांचा निरोप समजून.” मला ते फार सुचल्यासारखं वाटलं होतं.

पाच आठवडे सुईला हात नाही. फोन मुलाचा आला, की आता आई नुसती बसून असते.

“तुम्ही तारीख घातली आन् हात थांबला बघा,” काकू म्हणाल्या. “वाकळ काय परीक्षेचा पेपर हाय? आन् निरोप कुणी मागितला?”

मी माफी मागितली, तारीख मागं घेतली. माणसाला स्वतःहून सापडलेल्या गोष्टीचं आपण औषध केलं, की ती औषधासारखीच कडू लागते.

मुलाशी मात्र वेगळं बोलणं झालं. मी त्याला मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे, तिथल्या बायकांच्या गोधड्या आज संग्रहालयांत लागतात. त्यांतली एक मिसुरी पेटवे यांनी १९४२ मध्ये शिवलेली. नवरा वारल्यावर त्याच्याच शेतात घालायच्या, विटलेल्या कपड्यांची. गुडघ्याजवळची झीजही कापडात दिसते. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपावं म्हणून आईनं ती केली, असं त्यांच्या मुलीनं पुढं सांगितलं.

तो बराच वेळ फोटो मोठा करून बघत होता. मग म्हणाला, “मला एक शर्ट पाहिजे होता. मला कुणी विचारलंच न्हाई.”

चौदा महिन्यांत तो बापाबद्दल घरात एक अक्षर बोलला नव्हता. आईच्या डोक्याची काळजी करत होता. हे असं मी पुष्कळदा बघितलंय, तरी दर वेळी उशिराच लक्षात येतं. घरी जाऊन विचार, एवढंच मी म्हटलं. दोन शर्ट कापून झाले होते, तिसरा शिल्लक होता. तो त्यानं घेतला. कुठं ठेवला, मी विचारलं नाही.

श्रावणात काकू एकट्या गगनबावड्याला जाऊन आल्या. अर्ध्या तिकिटात, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. आल्यावर आधीचं अर्धं उसवलं. म्हणे धुकं पांढरं नसतंय, मळकं असतंय. आबांच्या जुन्या बनियनचं धुकं केलं. बनियन ताणतं, शिवताना पळतं, म्हणून त्याला मागून धोतराचा तुकडा लावून घेतला. खाली रस्ता खाकीचाच.

खाकी जाड, त्यात पँटीची दुहेरी शिवण आली की सुई मधेच अडकून बसते. दोन सुया मोडल्या. अंगठ्यानं रेटून रेटून बोटाला भोक पडायची वेळ आली, तसा मुलानं कारखान्यातनं येताना एक छोटी पक्कड आणली. आता काकू सुई अर्धी खुपसतात आणि हाक मारतात. तो येतो, पक्कडीनं पलीकडून ओढून देतो, आणि पुढची शिवण येईपर्यंत तिथंच बसतो.