देवीला बोकडाचा नैवेद्य होतो, मग आमचा वाममार्ग का? आणि सप्तशती वाचायला दीक्षा लागते का?

तुमची कुलदेवी तुळजाभवानी, घरी घट बसतो, दसऱ्यानंतर बोकड पडतो आणि आता कुणीतरी 'हा वाममार्ग आहे' म्हणून घाबरवलंय. खरं सांगू का, त्यांचा गोंधळ उडालाय. वाममार्ग म्हणजे वामाचार, ही तंत्रातली दीक्षितांची उपासना. मद्य, मांस, मत्स्य, मुद्रा, मैथुन हे पाच मकार तिथे गुरूच्या देखरेखीखाली, ठरलेल्या विधीतच येतात. तुमच्याकडे चालतो तो कुळाचार. तुळजापुरातही नवरात्रात अजाबळी दिला जातो, म्हणून तिथे येणारे लाखो भाविक कौल साधक (वामाचाराने उपासना करणारे तांत्रिक) होत नाहीत.

उलट कुळाचार हाच एक पूर्ण मार्ग आहे असं माझं मत. पत्रावळीवर माती, त्यात पेरलेलं धान्य, मधोमध कलश, रोज एक माळ (आमच्याकडे पहिली विड्याच्या पानांची, पुढे कारळ्याची, तरवडाची, झेंडूची) आणि रात्री उठून दिव्यात तेल घालणं. हे नऊ दिवस न चुकता करून बघा, म्हणजे साधना कशाला म्हणतात ते कळेल. आमची आजी मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायची, घरात धान्याला तोटा नसताना. मान खाली घालून दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, यापेक्षा अवघड दीक्षा कुठली?

आता सप्तशती. देवीमाहात्म्याची ही पोथी मार्कंडेय पुराणातली, 13 अध्याय, तीन चरित्रं (म्हणजे देवीच्या कथांचे तीन भाग). काही घराण्यांत दीक्षेशिवाय वाचत नाहीत, बऱ्याच ठिकाणी स्तोत्र म्हणून सगळेच वाचतात. मी दुसऱ्या पक्षातला. नवार्ण मंत्राचा (देवीच्या नऊ अक्षरी मंत्राचा) जप मात्र गुरुमुखातूनच घ्यावा. श्रीविद्येतल्या (त्रिपुरसुंदरीच्या तांत्रिक उपासनेतल्या) पंचदशी या पंधरा अक्षरी मंत्राचंही तेच. दीड तासात ऑनलाइन 'श्रीविद्या दीक्षा' देणाऱ्यांपासून लांब राहा. ज्याने दिली त्याची परंपरा कुठली, हे विचारायला लाजू नका.

नोकरी सांभाळून करायचं तर सात दिवसांत पाठ बसतो: पहिल्या दिवशी 1 अध्याय, मग 2, 1, 4, 2, 1 आणि शेवटच्या दिवशी 2. अध्याय अर्धवट टाकून उठायचं नाही. पोथी हातात न धरता पाटावर किंवा घोडीवर ठेवायची, मोठ्याने वाचायचं, मनातल्या मनात नाही. अध्याय संपताना 'इति', 'वध', 'अध्याय', 'समाप्त' हे शब्द उच्चारत नाहीत. तेवढाही वेळ नसेल तर एकटं मधलं चरित्र, म्हणजे 2 ते 4 अध्याय, वाचलेलं चालतं. पहिलं किंवा तिसरं एकटं वाचत नाहीत. ही सवलत पोथीच्या शेवटी जोडलेल्या वैकृतिक रहस्यातच दिलेली आहे, माझ्या पदरची नाही.

संस्कृत अडखळत असेल तर सुरुवातीला पाठाआधी म्हणायची तीन स्तोत्रं, म्हणजे नुसतं कवच, अर्गला, कीलक रोज म्हणा. महिन्याभरात जीभ वळते.

आणि हो, लग्नानंतरचा गोंधळ घालायचा राहिला असेल तर पोथी उघडण्याआधी तो घालून घ्या. नाहीतर घरातली वडीलधारी मंडळी प्रत्येक अडचणीला तेच कारण सांगत बसतील.