‘बेसिक’ घेतलं म्हणजे मुलगी ढ ठरली का?

दहावीच्या उमेदवारांची यादी शाळांकडून मंडळाकडे जायच्या दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. सीबीएसईच्या शाळेत मूल असतं आणि गणित ‘स्टँडर्ड’ घ्यायचं की ‘बेसिक’ हे ठरवायचं असतं. विचारायचं असतं ते मात्र वेगळंच: बेसिक घेतलं तर पुढचे रस्ते बंद होतील का? आणि त्याच्याही खाली, हळू आवाजात: आमचं मूल गणितात कच्चंच का?

त्या शनिवारी आलेल्या बाबांनी अर्ज प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आणला होता. ‘बेसिक’समोर खूण करून खोडलेली, मग ‘स्टँडर्ड’समोर करून तीही खोडलेली. कागद तिथे पातळ झाला होता. “मॅडम, सोमवारी द्यायचाय. शाळा म्हणते बेसिक घ्या. ही म्हणते नको.” ‘ही’ म्हणजे आई. आईचं म्हणणं साधं होतं: गुणपत्रिकेवर ‘बेसिक’ छापून येतं, ते जन्मभर दिसणार. मुलगी दोघांच्या मध्ये बसून टेबलाच्या कडेवरचा सोललेला सनमायका नखाने उचकटत होती.

आधी मी त्यांना या दोन पातळ्या म्हणजे नेमकं काय ते सांगितलं, कारण निम्मी भीती माहिती नसल्याची असते. ही सोय २०२० च्या बोर्ड परीक्षेपासून आली. अभ्यासक्रम एकच, पुस्तक एकच, वर्ग एकच. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुणही तसेच. वेगळी असते ती फक्त ८० गुणांची बोर्डाची प्रश्नपत्रिका. बेसिकमध्ये त्यातले ६० गुण आठवणे आणि समजणे या पातळीवरच्या प्रश्नांना असतात, स्टँडर्डमध्ये ४३. उरलेले गुण उपयोजन आणि विश्लेषणाचे. म्हणजे स्टँडर्डमध्ये पुस्तकातलं उदाहरण जरा फिरवून, वेगळ्या वेषात समोर येण्याची शक्यता जास्त. वर्षभर दोन्ही मुलं एकाच बाकावर बसून तेच प्रमेय शिकतात. “म्हणजे वेगळी तुकडी नाही?” आईंनी विचारलं. नाही. तेवढ्याने त्यांचा चेहरा बराच सैल झाला.

मग बाबांचा मुद्दा. मुलीला आर्किटेक्ट व्हायचंय, घरांचे नकाशे काढत बसते. “चित्रं काढणाऱ्या पोरीला दहावीपर्यंत वर्गसमीकरणं हवीत कशाला?” हा वाद जुना आहे. पहिली दहा वर्षं सगळ्यांना गणित सक्तीचं असावं ही कोठारी आयोगाची, म्हणजे १९६४-६६ ची शिफारस, आणि आपली शालेय रचना त्याच पायावर उभी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सक्ती काढायची भाषा नाही; विषय दोन पातळ्यांवर देता येतील आणि सुरुवात गणितापासून करावी, एवढंच आहे. माझं मत विचाराल तर गणित हवं, पण एकाच प्रश्नपत्रिकेने सगळ्यांना मोजायला नको. असो. इथे तो वाद गैरलागू होता, कारण बी.आर्क.च्या प्रवेशाला बारावीत गणित लागतंच.

आणि खरी गाठ इथेच होती. मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेऊन पास झालेल्याला अकरावीत नेहमीचं गणित मिळत नाही, उपयोजित गणित हा वेगळा विषय मिळतो. करोनाच्या काळात मंडळाने सवलत दिली: मुख्याध्यापकांची खात्री पटली तर बेसिकवाल्यालाही गणित घेऊ द्यावं. ही सवलत नंतरही वाढवत नेली गेली. पण वाढवत नेलेल्या सवलतीच्या भरवशावर मुलीचं अकरावीचं वर्ष टांगू नये, असं मी स्पष्ट सांगितलं. असा निर्णय घेताना त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत मागून स्वतः वाचायचं. शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी काय चाललं हा पुरावा नव्हे.

(राज्य मंडळाचे पालकही हे विचारतात. तिथे दहावीला असा पर्याय नाही. बीजगणित ४०, भूमिती ४०, अंतर्गत २०. पूर्वी ‘सामान्य गणित’ होतं, ते बंद झालं.)

आईबाबांना बाहेर बसवून मी मुलीशी बोलले.

“मला गणित येत नाही.”

“कुठलं?”

“सगळं.”

“सगळंच येत नाही असं कुणाचंच होत नाही गं. वही दाखव.”

वही पाहून मी चकित झाले. समरूप त्रिकोणांची पानं सुरेख होती. आकृत्या रेखीव, कारणं कंसात लिहिलेली, सगळीकडे बरोबरच्या खुणा. बीजगणिताची पानं मात्र लाल. सहा-सात उदाहरणं मी एकाखाली एक लावून पाहिली. रीत बरोबर, मांडणी बरोबर, आणि मधेच कुठेतरी उत्तर घसरलेलं. घसरण्याची जागा प्रत्येक वेळी तीच होती. मी कोऱ्या कागदावर लिहिलं: १२ − (५ − ३).

तिने कंस सोडवला. १२ − ५ − ३. उत्तर ४.

कागद उलटा केला. “तुझ्याकडे बारा रुपये. मैत्रिणीला पाच द्यायचे होते, पण तिने त्यातले तीन सोडून दिले. किती उरले?”

“दहा,” ती लगेच म्हणाली. मग स्वतःच कागद सुलटा केला आणि बराच वेळ त्या चारकडे पाहत राहिली. “मग हे चुकलं. पण मला असंच येतं.”

कंसाआधी वजा असेल तर आतली चिन्हं बदलतात, हे शाळेत साधारण सातवी-आठवीत पक्कं होतं. तिची सातवी मोबाइलच्या पडद्यावर गेली होती, कॅमेरा बंद ठेवून. आठवीत शिक्षकांनी ‘हे तुम्हाला येतंच’ म्हणून पुढे नेलं. त्यांनाही दोष देत नाही, अभ्यासक्रम संपवायचा असतो. पण आपल्याकडे गणित जिन्यासारखं रचलेलं आहे. इतिहासात मराठ्यांचा धडा बुडला तरी फ्रेंच राज्यक्रांती समजते. इथे एक पायरी निखळली की वरच्या प्रत्येक मजल्यावर पाय तिथेच अडकतो, आणि मूल त्याला ‘मला गणित येत नाही’ म्हणतं.

मी तिला रोज दहा उदाहरणं दिली, फक्त कंस आणि चिन्हं, सातवीच्या पुस्तकातली. ती तीन आठवडे आली. मधे एकदा वैतागून वही टाकून गेली, चौथ्या दिवशी परत आली.

अर्ज अर्थातच त्याआधी, त्या सोमवारीच द्यायचा होता. निर्णय तिने घेतला, स्टँडर्डचा. तिला धीर आला तो तेव्हाच्या नियमातल्या एका ओळीने: स्टँडर्डमध्ये नापास झालेल्याला पूरक परीक्षेला बेसिक देता येत होतं. उलटही चालायचं, बेसिक पास झालेला पूरक परीक्षेत स्टँडर्ड देऊ शकत होता. “म्हणजे पडले तरी खाली जाळी आहे,” ती म्हणाली. शाळेने ही ओळ सांगितली नव्हती. तिथे निकालाची टक्केवारी सांभाळायची असते, असा माझा अंदाज.

त्याच महिन्यात एका मुलाला मी बेसिकच घे म्हटलं. त्याला कायद्याकडे जायचं होतं, गणिताच्या पेपरआधी उलट्या व्हायच्या. बेसिक घेतल्यावर त्या थांबल्या. त्याचे वडील अजून मला नमस्कार करत नाहीत.

मुलीला दहावीत गणितात ६१ पडले. बाबांना आणखी दहा हवे होते. अकरावीत गणित मिळालं. परवा तिच्या आईंचा फोन आला होता. घटक चाचणीत सोडवलेलं सगळं बरोबर, पण दोन उदाहरणं राहिली. कंस आला की ती अजूनही एक जास्तीची पायरी लिहून चिन्हं तपासते आणि वेळ पुरत नाही. पुढच्या शनिवारी येते म्हणालीय.