मेमरी कार्डावर फाइल तयार होते, पण उघडली की शून्य बाइट. अर्डुइनोत माझं कुठे चुकतंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: देवगडात आंब्याच्या अढीतलं तापमान आणि दमटपणा नोंदवायला तुम्ही अर्डुइनो ऊनो (प्रोग्राम चढवता येणारा छोटा बोर्ड), डीएचटी२२ (तापमान-दमटपणाचा सेन्सर) आणि मेमरी कार्डाचं मॉड्यूल जोडलंय. सीरियल मॉनिटरवर, म्हणजे जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आकडे व्यवस्थित येतात, कार्डावर फाइलही दिसते, पण लॅपटॉपला लावली की शून्य बाइट. कधी कधी कार्ड सुरूच होत नाही. आणि तीच फाइल परत वाचून दिवसाचं कमाल तापमान डिस्प्लेवर दाखवायचंय.

आधी एक काम करा. ते कार्ड फॉरमॅट करू नका, त्यावर नवीन काही लिहूही नका. तुमचे आकडे बहुतेक अजून त्यावर आहेत. का, ते पुढे सांगतो.

तुम्ही लिहिलंय की फाइल सेटअपमध्ये (चालू होताना एकदाच चालणारा भाग) एकदा उघडता आणि लूपमध्ये (सतत फिरत राहणारा भाग) ओळी लिहीत राहता. क्लोज (फाइल बंद करणं) किंवा फ्लश (साठलेलं लगेच कार्डावर उतरवणं) कुठेच नाही. दुखणं तिथेच आहे. मेमरी कार्डावर एक-एक अक्षर लिहिता येत नाही, ५१२ बाइटचा गठ्ठा एका वेळी जातो. म्हणून एसडी लायब्ररी (कार्ड हाताळणारा तयार कोड) ऊनोच्या रॅममध्ये ५१२ बाइटची जागा धरते, तुमच्या ओळी तिथे साठवते आणि गठ्ठा भरला की कार्डावर टाकते. मात्र फाइल किती मोठी आहे हा आकडा फोल्डरच्या नोंदीत वेगळा असतो, आणि तो फक्त फ्लश किंवा क्लोज केल्यावरच बदलतो. तोवर मजकूर कार्डावर पोचला तरी नोंद म्हणते, लांबी शून्य. लॅपटॉप त्या नोंदीवर विश्वास ठेवतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. आमच्या काकांच्या अढीला मी असंच डबडं लावलं होतं. पेंढ्याच्या मधल्या थरात सेन्सर, बाहेर प्लास्टिकच्या डब्यात बाकी सगळं. पिकणारा आंबा श्वास घेतो, त्यातून उष्णता निघते, त्यामुळे अढीचा मधला भाग कडेपेक्षा आधी तयार होतो. ते आकड्यांत बघायचं होतं. अकरा दिवस यंत्र चाललं. बाराव्या दिवशी संध्याकाळी वळवाचा पाऊस, गडगडाट, आणि लाईट गेली ती सकाळी आली. कार्ड काढून बघतो तर फाइल आहे, आत काही नाही. काकांना विचारलं, तुम्ही रोज हात घालून बघत होतात ना, किती गरम लागायचं? तर म्हणाले, "माका काय ईचारतस, तुझ्या डबड्याक ईचार."

मग थोडा हिशोब मांडला. माझी एक ओळ अशी असायची: १४/०५ १४:३५,३१.४,७८. ओळ संपल्याच्या दोन खुणा धरून २१ बाइट. म्हणजे ५१२ बाइटमध्ये साधारण २४ ओळी. दर पाच मिनिटांनी एक ओळ, म्हणजे गठ्ठा भरायला दोन तास. लाईट गेली तेव्हा खरं नुकसान फार तर शेवटच्या दोन तासांचं. बाकीचे अकरा दिवस कार्डावर होते, फक्त फाइलच्या लांबीत धरलेले नव्हते. हेक्स एडिटरमध्ये (कार्डावरचा प्रत्येक बाइट जसाच्या तसा दाखवणारा प्रोग्राम) अख्खं कार्ड उघडून तारखेचा तुकडा शोधला, तर सगळ्या ओळी ओळीने उभ्या. कॉपी केल्या आणि काकांना नेऊन दाखवल्या. तुम्हीही तेच करा. तुमच्या फाइलमध्ये जी ओळ पक्की असायला हवी, तिचा एक तुकडा शोधा.

आता पुढे असं होऊ नये म्हणून. दर पाच मिनिटांनी फाइल उघडा, एक ओळ लिहा, क्लोज करा. लोक म्हणतात की सारखं उघड-बंद केल्याने कार्ड झिजतं. दिवसाला २८८ ओळी होतात, त्याने कार्डाला काही होत नाही. दर सेकंदाला लिहीत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फाइल उघडी ठेवून मिनिटाला एकदा फ्लश करा. पण अढीचं तापमान सेकंदासेकंदाला बदलत नाही हो. आणि ओपन केल्यावर फाइल खरंच मिळाली का, ते दर वेळी इफ लावून तपासा. नाही मिळाली तर एक लाल एलईडी पेटवा. नाहीतर यंत्र बापडं आठवडाभर हवेत लिहीत बसतं.

रोजची फाइल वेगळी ठेवा, बिघडली तर एकाच दिवसाची बिघडेल. नाव मात्र आठ अक्षरांच्या आत आणि पुढे तीन अक्षरांचं एक्स्टेन्शन, जुन्या डॉसच्या काळातला नियम. ऊनोसोबत येणारी एसडी लायब्ररी अजून तोच पाळते. मी सुरुवातीला फाइलला लांबलचक नाव दिलं होतं, तर ओपन गप्प. कुठली चूक दाखवत नाही, फाइलच देत नाही.

वाचण्याबद्दल. ऊनोवर फाइल-राइट म्हणून उघडलेली फाइल शेवटाला उभी असते, म्हणजे नवी ओळ खाली जोडली जाते. लगेच तिथूनच वाचायला गेलात तर काही हाती लागणार नाही, कारण पुढे काहीच नाही. सीक शून्य करा (म्हणजे वाचायची जागा सुरुवातीला न्या), किंवा बंद करून फाइल-रीड म्हणून पुन्हा उघडा. पूर्ण फाइल एका स्ट्रिंगमध्ये ओढू नका. ऊनोची रॅम सगळी मिळून २०४८ बाइट, त्यातला पाव भाग त्या गठ्ठ्यातच गेला. एक-एक अक्षर वाचा, ओळ संपेपर्यंत ३२ अक्षरांच्या ॲरेत भरा, त्यातलं तापमान काढा, ॲरे रिकामा करा, पुढची ओळ. खरं तर कमाल तापमानासाठी दर वेळी फाइल वाचायची गरजच नाही. ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. फक्त लाईट जाऊन आली की व्हेरिएबल पुसलं जाईल, म्हणून चालू होताना त्या दिवसाची फाइल एकदा वाचा. सीरियलवर छापायची वाक्यं एफ मॅक्रोमध्ये गुंडाळा, म्हणजे ती प्रोग्रामच्या फ्लॅश मेमरीतच राहतात आणि तेवढी रॅम वाचते.

पुढे कधी ईएसपी३२ (वायफाय असलेला दुसरा बोर्ड) वर गेलात तर सांभाळून. तिथे फाइल-राइट म्हणजे आधीची फाइल पुसून नवी. खाली जोडायचं असेल तर फाइल-अपेंड. नावाच्या आधी तिरकी रेघही लागते. ऊनोचा प्रोग्राम तसाच चढवला आणि रोज सकाळी एकच ओळ शिल्लक, हा अनुभव घेऊन झालाय.

कार्ड मधूनच सुरू होत नाही, त्याची कारणं साधी असतात. कार्ड ६४ जीबीचं असेल तर ते एक्सफॅट या फाइल साठवायच्या पद्धतीत येतं, ऊनोच्या लायब्ररीला फॅट१६ आणि फॅट३२ एवढंच कळतं. ४ किंवा ८ जीबीचं घ्या, तुमची दिवसाची फाइल सहा केबीसुद्धा भरत नाही. पिन बघा: ११, १२, १३ ठरलेल्या, निवडीची (सीएस) पिन मॉड्यूलवर सहसा १० ला जोडतात, पण बऱ्याच उदाहरणांत ४ लिहिलेलं असतं, कारण इथरनेट शील्डवर (ऊनोवर बसणारा नेटवर्कचा जोड-बोर्ड) कार्ड ४ वर आहे. तो आकडा तसाच नक्कल केला की कार्ड सुरू होत नाही. १० नंबर वापरत नसाल तरी तो आउटपुट ठेवा.

वीज कुठून देताय? लिहिताना कार्ड क्षणभर १०० मिलिअँपिअरपर्यंत किंवा जास्तही ओढतं, आणि ऊनोची ३.३ व्होल्टची पिन ५० मिलिअँपिअरची. मॉड्यूलवर स्वतःचा रेग्युलेटर असेल तर ५ व्होल्टवरून द्या, कार्डाजवळ १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर टाका, वायरी आखूड ठेवा. कार्डाला सिग्नल ३.३ व्होल्टचेच लागतात, मॉड्यूलवर लेव्हल बदलणारी चिप नसेल तर ऊनोचे ५ व्होल्ट सरळ देऊ नका.

आणि आपल्याकडचं खास कारण, खारी हवा. मी सॉकेट भिंगाखाली बघितलं तेव्हा पत्र्याच्या पायांवर हिरवट थर होता, पेंढ्याची धूळ वेगळी. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसलं आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या, तेव्हापासून त्या बाजूने तक्रार नाही.

शेवटची एक युक्ती. कार्ड काढण्यासाठी एक बटण ठेवा. दाबलं की प्रोग्राम फाइल क्लोज करून लिहिणं थांबवतो आणि हिरवा एलईडी विझतो, मगच कार्ड ओढायचं. काकांनी त्याच्या शेजारी खडूने लिहून ठेवलंय, "हिरवो दिवो असताना हात लावू नये."