तंत्रज्ञान धोरण आणि स्टार्टअप: सही कोणाची?

मी सोलापूरची. एलएल.बी. करून जिल्हा न्यायालयात ज्युनिअर म्हणून काम करते. तंत्रज्ञान धोरणात काम करायचं आहे, पण मी इंजिनिअर नाही आणि दिल्लीत ओळखही नाही. सुरुवात कुठून करू?

इंजिनिअर नसल्याने काही अडत नाही. डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा 2018 मध्ये देणाऱ्या न्या. श्रीकृष्ण समितीत अरुणा सुंदरराजन होत्या, त्या प्रशासकीय सेवेतल्या. चिन्मयी अरुण कायद्याच्या अभ्यासक. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात या विषयाचं संशोधन केंद्र त्यांनी उभं केलं.

तुमच्यासाठी खरं दार आहे ते 'हरकती व सूचना'. नगरपालिकेच्या विकास आराखड्यावर लोक हरकती घेतात, तशाच केंद्राच्या मसुद्यांवरही घेता येतात. 2014 च्या धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. दूरसंचार नियामक ट्राय तर प्रश्न छापूनच विचारतं आणि आलेली उत्तरं आपल्या संकेतस्थळावर टाकतं. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइटना सारखी वागणूक मिळावी यावर, दहा लाखांच्या वर ई-मेल गेले. पुढच्या वर्षी 8 फेब्रुवारीला ट्रायने काही ठरावीक साइट स्वस्त किंवा फुकट देणाऱ्या डेटा दरांवर बंदी घातली. त्या ई-मेलमध्ये एकाच साच्याची पत्रं पुष्कळ होती. तुम्ही साचा वापरू नका. एकच कलम घ्या. त्याचा क्रमांक लिहा, सोलापुरात ते कुठे अडेल ते एका परिच्छेदात सांगा, आणि खाली तुमची पर्यायी शब्दरचना द्या. दोन पानांच्या वर जाऊ नका. पर्यायी शब्दरचनेचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि मसुदा हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला नेमका तोच उपयोगी पडतो. अशी चार-पाच उत्तरं तुमच्या नावावर असली की ओळखीची गरज बरीच कमी होते.

वय पंचविशीच्या आत असेल तर खासदारांसोबत काम करायची 'लॅम्प' फेलोशिपही बघा. वकिलीची सनद घेतलेली असेल तर पूर्णवेळ पगारी काम धरताना ती स्थगित करावी लागते, हे आधीच लक्षात ठेवा.

नाशिकजवळ आमचं दूध तपासणीच्या उपकरणाचं काम चालतं. उपकरण मी बनवलं. भागीदार यजमान आणि दीर. योजनेसाठी 51 टक्के माझ्या नावावर करू, असं दोघे म्हणतात. करावं का?

करा, पण फक्त योजनेसाठी म्हणून करत असाल तर थांबा. राज्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत 1 लाख ते 25 लाखांपर्यंत मदत मिळते आणि त्यासाठी स्त्री संस्थापकाचा किमान 51 टक्के वाटा लागतो. हा वाटा कागदावर तिचा आणि चेकबुक दिराच्या कपाटात, असे व्यवहार मी पाहिले आहेत आणि त्यांची मला चीड येते. सरकारची फसवणूक होते ती आहेच, पण पहिली फसते ती बाई. उद्या कर्ज थकलं, कर भरायचा राहिला, तर नोटीस तिच्या नावाने येते, आणि तिला तोवर खात्यात किती शिल्लक आहे तेही ठाऊक नसतं.

म्हणून सीएकडे जाताना चार गोष्टी विचारा. बँकेत सह्यांचा अधिकार कोणाला? संचालक म्हणून नेमायचा-काढायचा अधिकार कोणाकडे? एखादा भागीदार बाहेर पडला तर त्याच्या हिश्शाचं काय? आणि पेटंट कोणाच्या नावावर?

पेटंटवर थोडं थांबते, कारण इथे स्त्रियांचं नुकसान गुपचूप होतं. 'शोधक' म्हणून तुमचं नाव लागेल, पण हक्क 'अर्जदारा'चा असतो. 2019 च्या सुधारित नियमांनुसार सगळे अर्जदार व्यक्ती असतील (कंपनी नव्हे) आणि त्यांपैकी एक जरी स्त्री असेल तर जलद तपासणी मागता येते. उपकरण तुम्ही बनवलंय, तेव्हा अर्जदार म्हणून तुमचं नाव हवंच. पुढे कंपनीला हक्क द्यायचा झाला तर तो लेखी करारानेच द्या, घरातल्या बोलण्यावर नको.

आणखी एक. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्या मालकाच्या व्यवसायाला, मिळत नाही. भागीदारी असेल तर ती नोंदणीकृत हवी, नाहीतर एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड.

मी कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पाळीची नोंद ठेवणारं मराठी अ‍ॅप मुलींसाठी काढतेय. नव्या डेटा कायद्यात काय सांभाळू?

2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात, म्हणजे तयारीला वेळ आहे. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, तेव्हा मराठी तुमच्याकडे आहेच. सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो.

तुमची मुख्य अडचण वयाची. 18 वर्षांखालच्या मुलीची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येणारी संमती हवी. डॉक्टर आणि दवाखान्यांना आरोग्यसेवेपुरती सूट आहे. पण तुम्ही ओपीडीत तपासता ती सेवा आणि तुमची कंपनी चालवते ते अ‍ॅप या दोन वेगळ्या गोष्टी ठरू शकतात. हे वकिलाकडून लेखी घ्या.

कायद्यापलीकडचं एक सांगते. गावात पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातातला फोन बऱ्याचदा भावाचा असतो. रात्री नऊला 'तुमची पाळी लांबली आहे' असं पडद्यावर झळकलं की संमतीच्या सगळ्या रकान्यांना अर्थ उरत नाही. म्हणून सूचना मोघम ठेवा, अ‍ॅपला वेगळा पिन द्या, नोंद शक्यतो फोनमध्येच राहू द्या. नियम लिहिताना गावातल्या आरोग्यसेविका आशाताई आणि तुमच्यासारख्या डॉक्टर समोर बसलेल्या असाव्यात असं मी म्हणते ते यासाठी. एका फोनवर एकच माणूस हे गृहीतक त्यांनी पहिल्याच बैठकीत खोडलं असतं.

मी डेटा सुरक्षेत काम करते. मला 8 मार्चलाच बोलावतात आणि विषय 'घर आणि करिअर'. जावं का?

विषय आधी मागा. तुमच्या कामाचा नसेल तर तोच बदलून मागा. नाही म्हणाले तर जाऊ नका.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या बचत गटाला डिजिटल व्यवहारात अडचणी येतात. धोरण वगैरे आमचं काम आहे का?

आहेच. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायला अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने तो फेटाळला. त्या लिहा-वाचायला शिकल्या आणि त्यांना संघटित करणाऱ्या चेतना गाला सिन्हांबरोबर पुन्हा मुंबईत गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या लोकांनी कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तुमच्या गटात पैसे अडकले, अंगठा जुळला नाही, ओटीपी दुसऱ्याच फोनवर गेला, तर तारीख, रक्कम आणि बँकेने दिलेलं उत्तर एका वहीत लिहीत जा. बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही.