बांगडी कुणाला वाढली?

चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला आणि दोन्ही वेळा हसले. आजीची हिरवी बांगडी मोरीच्या नळाला आपटली आणि आजी म्हणाली, "अगबाई, बांगडी वाढवली की गं!" तू दोन्ही तुकडे जोडून बघितलेस, होती तेवढीच आहे. मग वाढलं काय? आणि भाजी वाढतात तशी बांगडी कुणाला वाढली? शाळेच्या सुट्टीतल्या इंग्लिशच्या यादीत फायनल, लिमिट, टर्मिनस, डिसाइड असे शब्द भरलेत, मग मराठीत काही संपतच नाही का, असं तुझं म्हणणं.

संपतं गं. पण जिवाजवळच्या वस्तूबद्दल तसं तोंडाने म्हणायचं नाही. फुटलं, संपलं, विझलं हे शब्द घरात अशुभ मानतात, म्हणून उलटा शब्द वापरायचा. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. वाढदिवसाला आपण इथे लीड्सला मेणबत्त्या फुंकतो तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजी तोंड का फिरवते, ते आता कळलं ना?

मी तुझ्याएवढी असताना ठाण्याला नौपाड्यातले आमचे वाणी रात्री फळ्या लावता लावता ओरडायचे, "दुकान वाढवतोय, काय हवं ते लवकर सांगा!" मला वाटायचं, शेजारचा गाळा घेतला वाटतं! बरेच दिवस मी नवं दुकान कधी दिसतंय याची वाट बघत होते.

तू निघताना 'जाते' म्हटल्यावर आजी ओरडली, त्याचंही कारण हेच. पणजोबा 'गेले' म्हणतो आपण. मग भाजी आणायला निघालेल्या माणसाने 'येते' म्हणावं.

पण यावरून आपण फार हळवे आहोत असं समजू नकोस. रविवारी आजोबांबरोबर सोसायटीच्या मीटिंगला जाऊन बस. पार्किंगवर दोन तास घोळ झाला की कुणीतरी उठतंच, "एकदाचा काय तो तुकडा पाडा!" निर्णय म्हटला की आपण थेट कोयताच काढतो. एक घाव, दोन तुकडे. गंमत म्हणजे तुझ्या यादीतल्या 'डिसाइड'च्या पोटातही सुरीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कापून वेगळं करणं. तुझे पुढचे दात, ज्यांना डेंटिस्ट 'इन्सायझर' म्हणते, ते त्याच घराण्यातले. इंग्लिशने सुरी लपवली, आपण ती हातात घेऊन मीटिंगला जातो.

'टर्मिनस' तर तुझ्या पायाखालीच आहे. जुन्या रोममध्ये शेताच्या हद्दीवर पुरलेल्या दगडाला टर्मिनस म्हणत. त्याच नावाचा देवही होता आणि २३ फेब्रुवारीला त्याची पूजा व्हायची. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मारुती असतो, तसंच काहीसं. 'डिटर्मिन' त्याच दगडातून आलं, म्हणजे हद्द आखून टाकणं. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती साधारण ३४ किलोमीटरवर ठाण्याला थांबली. पुढे रूळच नव्हते. कल्याणपर्यंत गाडी १८५४ मध्ये गेली, तोवर टर्मिनस आपलं ठाणंच. आता तिथे सकाळी उतरायला जागा मिळाली तरी पुष्कळ!

आणि दादरला स्लो लोकलने जाल तेव्हा खिडकीतून सायनची पाटी बघ. मराठीत 'शीव' लिहिलेलं असेल. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट तिथे संपायचं. म्हणजे बघ, जमिनीच्या बाबतीत आपल्याला संपणं चालतं, बांगडीच्या बाबतीत नाही.

आजी आता नव्या बांगड्यांसाठी तुला जांभळी नाक्याला नेईल. तिथे 'बांगड्या घालायच्यात' म्हणू नकोस, 'भरायच्यात' म्हण. तुझा हात जरा बारीक आहे, कासाराला आधी माप बघू दे. आणि दुसरा रंग घ्यायचा तर आजीला आधीच सांग, नाहीतर हिरव्याच भरून येशील.

तुझी
आई